उणे ऐंशीचं दार

आमच्या मुकुंद सरांना आरएनए म्हणजे कमीपणा वाटतो. डीएनए म्हटलं की त्यांची छाती दोन इंच फुगते. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपुरात आलं, हे ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात आणि सहाव्या मिनिटाला "नेतृत्व आमच्या डीएनएतच आहे" हे वाक्य येतं. बावीस वर्षं मी प्रयोगशाळांमध्ये काढली. "आमच्या आरएनएतच आहे" असं म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही. जो राबतो त्याच्या नावाने कोण मिरवणार?

प्रताप नगरला एका टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची खाजगी प्रयोगशाळा आहे. संत्र्याची कलमं तयार करणाऱ्या नर्सरीवाल्यांची झाडं आम्ही तपासतो. बाहेर पाटी आहे, "येथे झाडांची डीएनए तपासणी करून मिळेल." पाटीवर आरएनएसुद्धा लिहा, आपलं अर्धं काम त्याचंच आहे, असं मी सरांना तीनदा सांगितलं. सर म्हणाले, "मॅडम, लोकांना डीएनए समजते. पोलिसात चालते, कोर्टात चालते, टीव्हीवर चालते. आरएनए कोणी ऐकलं आहे?" कोरोनाच्या दोन वर्षांत ज्या माणसाने स्वतःच्या नाकात चार वेळा काडी घालून घेतली, तो हे विचारत होता. त्या काडीवर लोक नेमकं काय शोधत होते असं त्यांना वाटलं, देव जाणे. अर्थात त्यांची पीएच.डी. गांडुळांवर आहे आणि तीही त्यांनी नंतर कधी उघडून पाहिल्याचं ऐकिवात नाही.

माझं नाव प्रमोदिनी. मी एम.एस्सी. आहे, वरिष्ठ तंत्रज्ञ आहे आणि रोज कोराडीहून बसने येते. माझं तोंड वाईट आहे असं लोक म्हणतात. आहे. मूर्ख माणूस समोर आला की मला तो मूर्ख दिसतो, त्याला मी काय करू?

गेल्या सप्टेंबरात चंपतराव आले. काटोलकडचे, पासष्टीचे, नर्सरीवाले. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन फांद्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, माह्या मायझाडाची डीएनए टेस्ट करून द्या."

मायझाड म्हणजे ज्याचे डोळे, म्हणजे फांदीवरचे न फुटलेले कोंब, काढून जंबेरी लिंबाच्या खुंटांवर भरतात ते मूळ झाड. चंपतरावांचं हे झाड बावीस वर्षांचं होतं. साल पातळ, रस भरपूर, बिया मोजक्या. आसपासच्या चार गावांत त्याच्या कलमांना मागणी होती. डिसेंबरात त्याचे हजारो डोळे भरायचे होते. त्याआधी झाडाला रोग नाही याचा कागद त्यांना हवा होता.

"कोणता रोग शोधायचा?" मी विचारलं.

"डीएनएत जो निंगन तो."

मी कपाळावर हात मारून घेतला. झाली माझी शिकवणी सुरू. संत्र्याला दोन रोगांची मोठी भीती. एक ग्रीनिंग. तो एका जिवाणूमुळे होतो, त्या जिवाणूत डीएनए असतो आणि डीएनए तपासणीत तो सापडतो. दुसरा ट्रिस्टेझा. तो विषाणू. त्याच्यात डीएनए नावालाही नाही. त्याचा सगळा संसार आरएनएवर. कितीही डीएनए तपासा, तो सापडायचाच नाही. आणि हा असा हरामखोर की झाड बाहेरून हिरवंगार दिसतं, फळं देतं, पण त्याच्या प्रत्येक डोळ्यातून विषाणू पुढच्या कलमात जातो. मग ती कलमं दुसऱ्याच्या शेतात सात-आठ वर्षांची झाली की शेंड्याकडून वाळायला लागतात.

चंपतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणजे डीएनएचा कागद भेटला तरी झाड रोगीट असू शकते?"

"असू शकतं."

"मंग बाहेरच्या पाटीवर अर्धंच काहून लिहिलं?"

त्या क्षणी हा म्हातारा मला आवडला. असा योग माझ्या आयुष्यात फार येत नाही.

नमुन्याच्या निमित्ताने ते त्या महिन्यात तीनदा आले. पहिल्या दोन वेळच्या फांद्या मी परतच पाठवल्या, कारण फडक्यात गुंडाळून काटोलहून नागपूरपर्यंत आणलेल्या पानात आरएनए शोधणं म्हणजे वेळेचा खून. प्रत्येक वेळी ते तासभर बसत आणि प्रश्न विचारत. त्यांच्यासाठी मी कागदावर चित्रं काढली. डीएनए दोन पदरांचा, एकमेकांभोवती वळलेला. आरएनए बहुतेक वेळा एकाच पदराचा. दोघांत चार-चार अक्षरं. तीन सारखी, चौथं वेगळं. डीएनएत टी, आरएनएत यू.

"म्हणजे एक चऱ्हाट अन् एक सुतळी," चंपतराव म्हणाले.

मुकुंद सरांना हे प्रयोगशाळा चालवून सात वर्षांत कळलं नव्हतं.

मी पुढे सांगितलं. डीएनए म्हणजे तहसिलीच्या रेकॉर्ड रूममधला मूळ दस्त. तो कुलपातून बाहेर येत नाही. झाडाला पान करायचं असो, फूल करायचं असो, त्या त्या कामापुरती नक्कल निघते, ती बाहेर जाते, तिच्यावरून काम होतं. ती नक्कल म्हणजे आरएनए. काम झालं की ती फाडून टाकतात, नाहीतर काम थांबणारच नाही. म्हणून आरएनए मुळातच टिकायला बनलेला नाही. त्याच्या साखरेला एक ऑक्सिजन जास्तीचा असतो आणि तो त्याचाच धागा तोडतो. शिवाय पानातच त्याला कुरतडणारे पदार्थ असतात, आपल्या बोटांवरही असतात. पान तोडलं की नासाडी सुरू. डीएनए मात्र दगड. जुन्या हाडांतसुद्धा सापडतो.

"अन् या ट्रिस्टेझाचा मूळ दस्तच सुतळीवर लिहेल हाये."

"बरोबर."

"म्हणजे पान तोडलं का घाई."

"घाई. बर्फ. आणि इथे आल्यावर उणे ऐंशी अंश."

तिसऱ्या वेळी चंपतरावांनी दुधाच्या डेअरीतून बर्फ मागून आणला होता. पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बर्फात, बर्फ थर्मासमध्ये आणि थर्मास स्वतःच्या मांडीवर, एसटीत, काटोलपासून. मी पानं द्रवरूप नायट्रोजनमध्ये खलली, भुकटी बारा नळ्यांत भरली आणि मोठ्या फ्रीजमध्ये सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली. तपासणीचं रसायन मुंबईहून यायचं होतं. ते दसऱ्यानंतर येणार होतं.

आणि मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. सरांच्या घराण्याची तलवार कधीच कोणाकडे तरी गेली, म्हणून सर यंत्रं पुजतात. त्यासाठी गांधीबागेतून लाल कापड आणवलं. त्यावर आमच्या पिपेटा मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडल्या. प्रत्येकीला हळदकुंकू. ज्या यंत्रात आम्ही डीएनएच्या लाखो प्रती करतो, त्याच्या झाकणावर स्वस्तिक. सेंट्रिफ्यूजवर अक्षता इतक्या भक्तिभावाने टाकल्या की ते यंत्र पुढे आठवडाभर तांदूळ उडवत होतं. ज्या खोलीत मी लोकांना हातमोज्याशिवाय पाऊल टाकू देत नाही, त्या खोलीत सर उघड्या हातांनी, शेंबूड पुसून, नारळ फोडत होते. मी कोपऱ्यात उभी राहून नाक मुरडत होते. नाक मुरडण्यात माझा हात धरणारा नागपुरात दुसरा नसेल.

तोरण मात्र माझं होतं. झेंडू आणि आंब्याची पानं, जाड सुतळीत ओवलेली. कॉलनीत माझ्या तोरणांचं नाव आहे, दसऱ्याच्या आधी आठ दिवसांपासून बायका सांगून ठेवतात. ते पाहून सर म्हणाले, "मॅडम, हे एवढं देखणं तोरण दाराला कशाला, मोठ्या फ्रीजला लावा. तुमच्याच हातून." तेव्हा मी ती सगळी अक्कल, जी मी इतरांना वाटत फिरते, बाजूला ठेवली आणि पुढे झाले. फ्रीजला खिळा नव्हता. मी दार उघडलं, सुतळीची दोन्ही टोकं गाठी मारून वरून आत घेतली आणि दार त्यावर लावून टाकलं. तोरण अगदी घट्ट बसलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. मीही हसले त्या फोटोत.

आरती चालू असताना फ्रीजचा भोंगा वाजायला लागला. सर आरतीच्या ऐन रंगात. "हे कुईकुई बंद करा गा कोणीतरी," म्हणाले आणि कोणी हलत नाही हे पाहून स्वतःच बटण दाबलं. भोंगा बंद झाला. दुसऱ्या दिवशी दसरा, गुरुवार. शुक्रवारी सरांनी सुट्टी दिली. मग शनिवार, रविवार.

सोमवारी सकाळी साडेआठला सगळ्यांत आधी मी आले. फ्रीजपाशी पाण्याचं थारोळं. तोरणाची बाहेरची फुलं काळी पडून लोंबत होती, आत गेलेली पानं बर्फात अडकली होती. दार बोटभर उघडं. आकडा उणे ऐंशीच्या जागी उणे चार. वरच्या कप्प्याचं काही विचारू नका. चंपतरावांच्या बारा नळ्यांत भुकटीचा हिरवा चिखल झाला होता.

मी काय केलं ते सांगते. मी तोरण उपटलं, पिशवीत कोंबलं, फरशी पुसली, दार लावलं. नळ्या पुन्हा जागेवर ठेवल्या. साडेदहाला सर आले तेव्हा आकडा उणे पंचावन्नवर गेला होता आणि उतरत होता. मी कोणाला काही बोलले नाही. मनाशी म्हटलं, बघू, थोडाफार आरएनए वाचला असेल. बावीस वर्षांचा अनुभव असलेली बाई हे म्हणत होती. हाताखालच्या एखाद्या मुलीने माझ्यासमोर असं म्हटलं असतं तर मी तिला खिडकीतून खाली टाइल्सवर टाकलं असतं.

रसायन आलं. तपासण्या केल्या. डीएनए छान निघाला, चार दिवसांच्या उन्हाळ्याने त्याला काही झालं नव्हतं. ग्रीनिंग नाही, हे स्पष्ट. मग आरएनएची तपासणी. त्यात आधी आरएनएवरून डीएनएची उलटी प्रत करून घ्यावी लागते, मग तिच्या लाखो प्रती. पडद्यावर सरळ रेघ. विषाणू नाही. पण त्याच्याबरोबर झाडाचा स्वतःचा आरएनएही शोधतात, तपासणी जिवंत आहे हे कळावं म्हणून. निरोगी असो की रोगी, जिवंत पानात तो असतोच. तिथेही सरळ रेघ.

मी सरांना कागद दाखवला. "नमुना गेला आहे. निकाल देता येणार नाही."

त्यांनी चष्मा लावला. "अरे वा, ट्रिस्टेझा काहीच नाही आला!"

"सर, झाडाचा स्वतःचाही नाही आला. या कागदाप्रमाणे झाडच अस्तित्वात नाही."

"पण डीएनए आला ना? मग झाड आहे." या तर्कावर ते इतके खूश झाले की खुर्चीत रेलून बसले. "मॅडम, तुम्ही फार खोलात शिरता. काही आलं नाही म्हणजे रोग नाही. नमुना कशाने जाणार?"

हा प्रश्न त्यांनी सात वर्षांत पहिल्यांदा बरोबर विचारला होता. मी म्हणाले, "जुना झाला असेल."

"मग ठीक आहे. कागदावर तुम्ही सही करू नका पाहिजे तर, पण म्हाताऱ्याला सांगायला काय हरकत आहे?" आणि त्यांनी तिथेच फोन लावला. "चंपतराव! एकदम क्लीन आहे तुमचं झाड. डीएनए एकदम क्लीन! अभिनंदन!"

मी त्यांच्या बाजूला उभी होते. हात पुढे केला असता तर फोन हातात आला असता. पण मग चंपतरावांनी लगेच विचारलं असतं, नमुना कसा गेला? आणि हा म्हातारा "जुना झाला" या उत्तरावर थांबणारा नव्हता. मी मान खाली घालून पिपेटांवरचं कुंकू पुसत बसले.

दोन दिवसांनी मी त्यांना फोन केला. म्हटलं, कागद निघायला एक जास्तीची तपासणी लागेल, ताज्या फांद्या पाठवा, तशाच बर्फात.

"साहेब त क्लीन म्हणाले."

"हो. तरी एक जास्तीची."

"काही भेव हाये का, बाई?"

"नाही, नियम आहे."

असा नियम आमच्याकडे नाही. असता तर मीच पहिल्यांदा मोडला असता. माणूस घाईला लागावा असं काही मी त्यांना सांगितलंच नाही, मग ते घाई कशाला करतील? दिवाळी झाली, मग संत्र्याच्या आंबिया बहराची तोडणी सुरू झाली, मग त्यांच्या घरी कसलं तरी लग्न. मी दर आठवड्याला फोन करून अत्यंत शांत आवाजात आठवण द्यायचे. माझा शांत आवाज आजवर कोणी मनावर घेतलेला नाही. फांद्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आल्या. बर्फ, पिशवी, थर्मास, सगळं पहिल्यासारखं चोख.

या वेळी मी फ्रीजच्या भानगडीत पडलेच नाही. पानं आली त्याच तासाला खलली, संध्याकाळपर्यंत निकाल हातात होता. झाडाचा स्वतःचा आरएनए असा उठून आला की बघत राहावं. त्याच्या मागोमाग ट्रिस्टेझाही आला. मी तपासणी तीनदा केली. तिन्ही वेळा आला.

सरांना सांगितलं. त्यांना घाम फुटला, पण मिनिटभरच. "हे पाहा मॅडम, काही बिघडलं नाही. ऑक्टोबरात क्लीन होतं, नोव्हेंबरात रोग लागला. मावा कीड आली असेल. फोन करून असंच सांगा. कोण विचारते?"

माणूस मूर्ख असला तरी बिनकामाचा नसतो हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी मला खरंच चांगली वाट दाखवली होती. मावा या विषाणूला वाहून नेतो, हे खरं आहे. कोणाच्या बापालाही शंका आली नसती. मी ती वाट घेतली नाही याचं कौतुक मी स्वतःचं पुष्कळ केलं, दुसऱ्या दिवशी काटोलच्या एसटीत बसून. आपण सरांसारखे नाही, आपण जाऊन तोंडावर सांगतो आहोत, असं दीड तास मनात घोकलं. चंपतराव रागावतील, मग शांत होतील, मग म्हणतील, बाई, तुम्ही होत्या म्हणून वाचलो. इथपर्यंत मी पोचले होते. एसटी काटोलला पोचली.

चंपतराव नर्सरीत होते. सावलीच्या जाळीखाली रोपांच्या पिशव्यांच्या रांगा आणि त्यातल्या तीनशेएक खुंटांवर प्लॅस्टिकची पांढरी पट्टी बांधलेली. डोळे भरून झालेले.

"डिसेंबरात भरणार होता ना?" मी विचारलं.

"साहेबानं क्लीन म्हटलं. पानी-हवा चांगली होती. म्हटलं, थोडे भरून पाहू." ते खूश होते. एका पट्टीवरून अंगठा फिरवून म्हणाले, "सारे धरले."

मी त्यांना निकाल सांगितला. ते खाली बसले, एक पिशवी जवळ ओढली आणि तिच्यातल्या खुंटाकडे पाहत विचारलं, "पयल्या खेपेले काहून नाही दिसला?"

"चंपतराव, आरएनए फार नाजूक असतो. त्याच्या साखरेत तो जास्तीचा..."

"ते मले मालूम हाये. तुमच्याच तोंडून आयकलं. पान तोडलं का घाई. मी बरफ आणला. मांडीवर घेऊन आणला. तुमच्या दारापर्यंत त तो जित्ता होता ना?"

"होता."

"मंग?"

मी सांगितलं. खंडेनवमी, तोरण, सुतळी, चार दिवस. सरांनी भोंगा बंद केला हेही सांगितलं, जरा जास्तच सविस्तर. चंपतरावांनी सगळं ऐकून घेतलं. भोंग्याच्या गोष्टीत त्यांना काही रस दिसला नाही.

"तीन खेपा तुमी मले शिकवून राहिल्या होत्या," ते म्हणाले. "चऱ्हाट काय, सुतळी काय. चित्रं काढली. मी घरी येऊन नातवाले शिकवलं. अन् तुमच्याच्यानं एक दार लावणं नाही झालं?"

त्यांनी ओढलेली पिशवी परत रांगेत सरकवली.

"बरं, दार राहते. माणसाचं राहते. पन मंग सांगितलं काहून नाही? मी इचारलं होतं, भेव हाये का. नियम हाये म्हणे."

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते लाजिरवाणं होतं. मला लाज वाटत होती म्हणून मी सांगितलं नाही. बस, एवढंच. दुनियेला शहाणपण शिकवणारी मी, माझ्याच तोरणाने माती खाल्ली हे एका नर्सरीवाल्याला कळू नये म्हणून दोन महिने नियम नियम करत बसले. मी तसं म्हणाले. जवळजवळ याच शब्दांत. ते ऐकताना चंपतराव माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते, ती मला चांगली ओळखीची होती. मी स्वतः ती रोज वापरते.

"माह्ये तीनशे जाऊ द्या," ते उठत म्हणाले. "झाडही तोडतो. माहं हाये, तोडतो. पन रामाजीले चारशे डोळे देल्ले मी. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. दोस्त हाये, म्हटलं, तुह्यापासून सुरू करू. दोन वर्सं खुंटं वाढवले त्यानं बियापासून."

"ते खुंट तरी..."

"तुमीच सांगा आता. खुंट वाचते का?"

वाचत नाही. डोळ्यातला विषाणू खुंटात उतरतो. डोळा काढून उपयोग नाही, खुंटासकट जाळावं लागतं.

"चला," चंपतराव म्हणाले. "मी नाही सांगणार त्याले. तुमी सांगा."

रामाजींचं शेत बांधाला लागूनच होतं. पाच मिनिटं चालायला लागली असतील. रामाजी बारकेसे, चंपतरावांच्याच वयाचे, कपाशी सोडून पहिल्यांदाच संत्र्याकडे वळलेले. शहरातली बाई आली म्हणून त्यांनी घाईने बाज टाकली, घरात चहाचं सांगितलं आणि आम्ही बसायच्या आधीच कलमं दाखवायला नेलं. चारशेच्या चारशे खुंटांना पट्ट्या. काहींच्या पट्टीतून हिरवा कोंब डोकं वर काढत होता. "चंपतरावाच्या झाडाचे हायेत," ते मलाच समजावून सांगत होते. "डीएनए टेस्ट होयेल झाड हाये ते, बाई."

चंपतराव बांधावर उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

मी सुरुवात केली, "रामाजी, डीएनए वेगळा आणि आरएनए वेगळा." त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तेव्हा मी पुन्हा सुरू केलं आणि या वेळी कसलंच शास्त्र मध्ये आणलं नाही. झाडाला रोग आहे, म्हणाले. या सगळ्या कलमांत तो गेला आहे. ही वाचणार नाहीत, आणि ठेवली तर आसपासची झाडंही जातील. पहिल्या वेळी तो दिसला असता, पण फ्रीजचं दार उघडं राहिलं आणि नमुना खराब झाला. दार माझ्यामुळे उघडं राहिलं. ते मला सहा ऑक्टोबरला कळलं आणि मी कोणालाच सांगितलं नाही.

रामाजींनी हातातला विळा खाली ठेवला. ते ओरडतील म्हणून मी तयार होते. ते ओरडले नाहीत. हिशोब लागत नसल्यासारखा चेहरा करून त्यांनी विचारलं, "पन साहेबानं चंपतरावाले फोन केला ना? क्लीन हाये म्हणून? माह्या समोर आला तो फोन. तवा तुमी कुठं होत्या?"

"तिथेच होते," मी म्हणाले. "त्यांच्या बाजूला."

"आयकून राहिल्या होत्या?"

"हो."

त्यांची बायको चहा घेऊन आली. कपबशी माझ्या हातात देऊन ती आमच्या तोंडांकडे पाहत उभी राहिली. रामाजी पहिल्या रांगेपाशी गेले, कोंब फुटलेली एक पिशवी उचलली आणि ती हातात धरूनच बांधाकडे वळून म्हणाले, "चंपतराव, हे बाई शिकेल हाये ना गा?"

चंपतरावांनी वळून पाहिलं नाही.

"बहुत," ते म्हणाले.